बाज हलवली कोणी

पप्पांना मी शेवटचं झापलं ते एका ड्रोनवरून.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

सकाळपासून वालूरच्या घरात माणसांची ये-जा चालू होती. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, सतरंज्या उचलल्या. आता लिहायला बसलेय. खरं सांगते, दमलेय. रडायचंसुद्धा त्राण नाही. पण आज लिहिलं नाही तर पुन्हा कधी लिहिणार नाही, हेही माहीत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पप्पा गावातल्या शाळेत शिक्षक होते. सगळी नोकरी चौथीच्या वर्गावर काढली. दरवर्षी फळ्यावर गावाचा नकाशा काढायचे. शाळा, विहार, बाजार, वेस, ओढा.

रिटायर झाल्यावर लोक पारावर बसतात. आमच्या पप्पांनी ड्रोन मागवला.

मी फोनवर विचारलं, या वयात हे काय खूळ?

"अगं, तीस वर्षं खालून नकाशा काढला. एकदा वरून बघू दे की."

मी नाशिकला, बँकेत. म्हटलं, थांबा, मी येते, आपण दोघं मिळून उडवू. दिवाळीत जमलं नाही. जानेवारीत ऑडिट निघालं. मग लेकीची परीक्षा. ते दर वेळी म्हणायचे, ये सावकाश, घाई नाही.

मार्चमध्ये त्यांचा धीर सुटला.

तोवर व्हिडिओ बघून बघून त्यांनी सगळं वहीत उतरवून काढलं होतं. गुरुजींचं अक्षर, लाल पेनाने समास आखलेला. एका रविवारी आईला घेऊन शेतात गेले.

रान नांगरून पडलं होतं. आमच्याकडची काळी माती, डोक्याएवढी ढेकळं. ड्रोन ठेवायला सपाट जागा कुठून आणणार? पप्पांनी आखाड्यावरची, म्हणजे रानातल्या खोपीतली, झोपायची बाज ओढत आणून रानाच्या मधोमध टाकली, तिच्यावर फळी ठेवली, आणि तिथून ड्रोन उडवला.

डोकं चालवलं होतं, हे मान्य करायलाच हवं.

ड्रोनला एक बटण असतं. ते दाबलं की तो जिथून उडाला तिथंच आपोआप परत येऊन उतरतो. पप्पांचा सगळा भरवसा त्या बटणावर.

बॅटरी संपत आली तसं त्यांनी बटण दाबलं. ड्रोन शहाण्यासारखा परत आला. बरोब्बर त्याच जागी.

फक्त तिथं आता बाज नव्हती. ती लिंबाच्या सावलीत गेली होती.

ड्रोन ढेकळांत उतरला, कलंडला, पंखे मातीत फिरले. दोन पाती तुटली, कॅमेऱ्याची मान मोडली.

आणि तेवढ्यात मी फोन केला. नेहमीचा, रविवारचा.

पप्पांनी लपवलं नाही, झालं ते सांगितलं. मी विचारलं, बाज हलवली कोणी?



"मीच हलवली. ऊन लागायलं होतं."

मग मी सुटले. एवढंही कळत नाही का? म्हणून म्हणत होते ना थांबा म्हणून? काउंटरवर कोणी तिसऱ्यांदा चुकीचा फॉर्म भरून आणला की माझा जो आवाज लागतो, त्या आवाजात. शेवटी मी म्हणाले, "पप्पा, हे तुमच्याने व्हायचं नाही. मी येईपर्यंत त्याला हात लावू नका."

"बरं," ते म्हणाले.

त्या दिवशीही मी दमलेलीच होते. एवढीच माझी सबब आहे.

ड्रोन डब्यात गेला, डबा कपाटावर. मी ना दुरुस्तीला नेला, ना गावी गेले. दीड महिन्यानं पप्पांना अटॅक आला. परभणीला नेता नेता गेले.

गेलं वर्षभर ते "बरं" माझ्या कानात आहे. भांडी घासताना, बसमध्ये, कुठेही.

एकाच गोष्टीचा आधार होता, आणि तो किती हलका आहे ते आज कळलं. मी स्वतःला सांगायचे, बोलले ते जास्त बोलले, पण चूक त्यांचीच होती ना.

आज दुपारी पाहुणे गेल्यावर सतरंजीची घडी घालताना मी हेच आईला बोलून गेले. पप्पांनी त्या दिवशी बाज हलवायला नको होती.

आईनं दुसरं टोक धरलं होतं. ती घडी घालत राहिली.

"बाज त्यांनी न्हाई हलविली. मी हलविली."



मग तिनं सगळं सांगितलं. पप्पांची अँजिओप्लास्टी झालेली, मार्चचं ऊन, आणि हा माणूस उघड्या रानात मान खाली घालून स्क्रीनमध्ये बघत उभा. तिनं बाज सावलीत ओढली आणि त्यांना हाताला धरून बसवलं. त्यांना पत्ताच नाही. तीही शेजारी बसली. दोघांची डोकी मोबाइलवर.

आईनं गाव पहिल्यांदा वरून बघितलं. आपलं घर ओळखलं ते गच्चीवर वाळत घातलेल्या साडीवरून. आणि पप्पांना दिसलं की वेशीजवळचा जो रस्ता ते फळ्यावर सरळ काढायचे, तो चांगला वाकडा आहे. तीस वर्षं पोरांना चुकीचा रस्ता शिकवला म्हणून ते इतके हसले की आईला त्यांच्या छातीची काळजी वाटली.

मी म्हटलं, मग मला खरं का नाही सांगितलं त्यांनी?

"तू मला बोलली असतीस म्हनून."

घडी झाली होती. आई तरी हातात धरून बसली.

"ते पडलं ना, तवाबी आमी हसायलोच व्हतो," ती म्हणाली. "मग तुझा फोन आला."

पप्पा, चुकले मी. फार उशिरा सांगतेय.

जय भीम.