दुसऱ्या मशीनशिवाय

लिनक्स शिकायचं खूळ आम्हा दोघींच्या डोक्यात अंबाजोगाईला कॉलेजात असताना शिरलं. मी आणि माझी मैत्रीण, दोघी केजच्या, एकाच एसटीने जाणाऱ्या. कंपन्यांच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर, विंडोजऐवजी हे लिनक्स चालतं आणि ते सर्व्हर सांभाळायची नोकरी घरबसल्याही करता येते, असं कुणीतरी सांगितलं होतं. 'घरबसल्या' या शब्दावरच आमच्या घरचे राजी झाले.

जुन्या पुस्तकांच्या दुकानातून नवशिक्यांसाठीची दोन इंग्रजी पुस्तकं आणली. तिच्याकडे लॅपटॉप होता. मला मामाने कुठल्याशा ऑफिसातून भंगारात निघालेला कॉम्प्युटर आणून दिला. पहिल्याच दिवशी पासवर्ड टाकताना पडद्यावर अक्षरच उमटेना. आम्ही कीबोर्ड उलटा करून झटकला. मग पुढच्या पानावर वाचलं, की पासवर्ड टाकताना काही दिसत नसतंच. हसून हसून पोट दुखलं.

पुस्तकातला निम्मा भाग एका मशीनवरून दुसऱ्यात शिरून तिथला कारभार बघायचा. म्हणून ती लॅपटॉप घेऊन आमच्याकडे यायची. मधे वायर जोडून बसायचो. बरेच दिवस जमेना. मग उन्हाळ्यातल्या एका दुपारी माझ्या पडद्यावर तिच्या लॅपटॉपचं नाव आलं.

"आलीस का गं? माझ्यात आलीस?" ती एवढ्याने ओरडली, की आई पिठाच्या हातांनी बाहेर आली.

त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न होऊन ती सासरी, कडा गावाला गेली. लॅपटॉपही तिच्याबरोबर गेला. मी उरलेले धडे नुसते वाचले, कमांड पाठ केल्या.

पुण्याच्या एका कंपनीने सर्व्हरच्या नोकरीसाठी मुलाखतीला बोलावलं. समोरच्या बाईंनी विचारलं, "सर्व्हरची डिस्क भरली तर आधी काय बघशील?"

मी कमांड सांगितली. बरोबर होती.

"आणि त्यानंतर? तुझ्याकडे भरली तेव्हा काय केलंस?"

"माझ्याकडे कधी भरली नाही."

"आतापर्यंत कुठले सर्व्हर सांभाळलेस?"

"मैत्रिणीचा लॅपटॉप."

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर निदान राग तरी आला असता. "पुस्तकं सुरुवातीला ठीक असतात," एवढंच त्या हळू आवाजात म्हणाल्या.

परत आल्यावर मी कड्याला गेले. लॅपटॉप थोडे दिवस मागावा, असं मनात होतं. तो बाहेरच्या खोलीत तिच्या दिराच्या मांडीवर होता, पिक्चर चालू होता. त्यातलं लिनक्स केव्हाच काढून टाकलेलं.

"घरच्यांना ते चालवता येईना," चहा टाकता टाकता ती म्हणाली. मग हळूच, "तू कावून शिकायलीस अजून?"

आवडतं म्हणून, असं सांगायला तोंड उघडलं आणि कळलं, की आता तेही खरं राहिलं नाही.

"मला तर त्यातलं काही आठवत न्हाई बघ," ती म्हणाली. "लई बरं वाटतं." आतून सासूने हाक मारली तशी ती उठून गेली. माझं मागायचं राहूनच गेलं.

आता मी केजला तहसीलसमोरच्या दुकानात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरते. घरी कधी पुस्तक उघडलंच, तर डोळे ओळींवरून फिरतात आणि पान उलटल्यावर काय वाचलं ते सांगता येत नाही. मागे एकदा आईने विचारलं, "कॉम्प्युटर झाकून ठेवू का? धूळ बसायलीय."

"ठेव," मी म्हणाले.