शेजारच्या अंगणातले होले

आई वारली त्या वर्षी दिवाळीनंतर मी आबांना गावाहून सुरतेला आणलं. आबा म्हणजे माझे वडील. अमळनेरकडच्या एका खेड्यात त्यांनी उभा जन्म शाळामास्तरकी केली होती. मी तेव्हा बमरोलीच्या एका डाइंग मिलच्या ऑफिसात होतो आणि पर्वत पाटियाच्या पुढे एका रो-हाउसमध्ये आम्ही नवरा-बायको राहत होतो. मागे मोकळं मैदान, पुढे हातभर अंगण.

पहिले दोन महिने आबा पलंगावर बसून असत. बायको विचारायची, "आबा, चहा ठेवू?" ते म्हणत, "ठेव." जेवायला बोलावलं की येत. त्यांना कशालाच हात लावू द्यायचा नाही, असं आम्ही दोघांनी ठरवूनच टाकलं होतं. भाजीची पिशवी उचलली तरी मी ती हातातून काढून घ्यायचो. "तुम्ही बसा आबा. जन्मभर केलंत."

ते बसत.

मग एक दिवस मी मिलमधून आलो तर पलंग रिकामा. आबा शेजारच्या अंगणात उकिडवे बसून नारळाच्या शेंडीनं मातीची परळ घासत होते. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं.

शेजारी एक गुजराती काका एकटेच राहायचे. जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्या अंगणात एक कडुलिंब, एक चिकू आणि लोखंडी, तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवलेल्या दाण्याच्या परळी. दोन दाण्याच्या, दोन पाण्याच्या. आणि तेवढ्याच आणखी भिंतीला टेकवून उन्हात वाळत ठेवलेल्या. कालच्या घासून आज वाळवायच्या, त्या उद्या भरायच्या, असा त्यांचा नेम. तिथं चिमण्या यायच्या, बुलबुल, साळुंक्या, आणि सगळ्यांत जास्त होले. पारव्याहून लहान, तांबूस गळ्याचे, गरीब तोंडाचे.

"त्यांच्याकडे गडीमाणूस नाही का?" मी आबांना विचारलं.

"मीच मागून घेतलं काम," आबा म्हणाले. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले आणि जेवताना बोलत राहिले. होला आणि पारवा यांच्या पाणी पिण्याबद्दल. चिमणी चोच वर करून घोट घेते आणि होला चोच बुडवून ओढून पितो, याबद्दल. "कंपाउंडरसाहेब म्हणत होते," असं प्रत्येक वाक्याच्या शेवटी. बायको कौतुकानं ऐकत होती. मी पान अर्धं टाकून उठलो.

आता वय झाल्यावर कबूल करायला हरकत नाही. मला त्या माणसाचा हेवा वाटायला लागला. लहानपणी आबा गावातल्या सगळ्या पोरांचे होते. ओसरीवर रोज दहा-बारा पोरं अभ्यासाला असत, आणि मी त्यांच्यात कडेला बसलेला एक. त्यांना वाईट वाटू नये म्हणून आबा माझ्याकडे मुद्दाम कमी बघत. आईनंतर ते माझ्याकडे आले तेव्हा दुःखातही माझ्या मनात एक लहानसा आनंद होता, की आता तरी हे माझेच. आणि ते भिंतीपलीकडे जाऊन बसले.

त्याहून जास्त टोचायची ती भाषा. माझ्याशी आबा नेहमी पुस्तकी मराठीत बोलत. मी शिकावं, साहेब व्हावं, म्हणून लहानपणीच त्यांनी माझ्याशी अहिराणी बंद केली होती. आईशी अहिराणी, पोरांशी अहिराणी, माझ्याशी पुस्तकातली. आता भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, काका सुरती गुजरातीत काहीतरी विचारताहेत आणि आबा सरळ अहिराणीत उत्तर देताहेत. दोन्हीकडच्या बोलींचं असं काही नातं आहे, की दोघांना एकमेकांचं सगळं कळायचं. आणि हसायचे. आबांना मी एवढं मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं.

मग मी गच्चीवर माझं स्वतःचं दाण्याचं ताट लावलं. लावलं म्हणजे काय, मिलच्या वेल्डरकडून तीन फुटांचा पत्र्याचा ट्रे करून घेतला, चारी बाजूंनी चांगला उंच काठ असलेला, आणि पाण्यासाठी जुना टब. बाजरी, ज्वारी, तांदळाची कणी तर टाकलीच, वर उरलेला भात आणि गाठियाही. काका मोजून दोन मुठी टाकायचे. मी ओंजळी रिकाम्या करायचो. आठवड्यात आमची गच्ची फडफडाटानं भरून गेली. पारवे आले, आणि काकांकडचे होलेही आले. सकाळी दाढी करताना वरचा तो आवाज ऐकला की मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, जिंकल्यासारखं वाटायचं.

एका रविवारी आबा वर आले. कंबरेवर हात ठेवून त्यांनी सगळं बघितलं. मी वाट बघत होतो.

"पुष्कळ येतात," ते म्हणाले. मग वाकून त्यांनी ट्रेच्या कोपऱ्यात बोट फिरवलं. तिथं ओल्या दाण्यांचा आणि विष्ठेचा काळा थर बसला होता. "घासतोस का रे?"

"पाऊस धुतो की."

"आता कुठला पाऊस?" एवढं बोलून ते खाली उतरले, आणि थोड्या वेळानं त्यांचा आवाज पलीकडून आला.

होळीच्या आसपास पहिला आजारी होला दिसला. काकांच्या चिकूखाली अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून बसला होता. आबांनी मला हाक मारली म्हणून मी गेलो. माणूस जवळ गेला तरी तो उडाला नाही. दाणा उचलायचा आणि गिळता येत नसल्यासारखा टाकून द्यायचा. चोचीभोवतीची पिसं लाळेनं चिकट झालेली. काकांनी हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून त्याला अलगद धरलं आणि काडीनं चोच उघडून दाखवली. घशात पिवळट, फाटलेल्या दुधासारखा गोळा होता.

"आ कबूतरनो रोग," काका म्हणाले. माझ्यासाठी ते मग हिंदीत आले. "एक पंछी का थूक गीले दाने में, पानी में गिरता है, दूसरा वही खाता है. सूखी जगह पर ये टिकता नहीं. गीले में टिकता है."

"माणसाला लागतं का?" मी विचारलं. सुरतेत प्लेग होऊन फार वर्षं झाली नव्हती. मेलेला उंदीर दिसला तरी आमची गल्ली तोंडाला रुमाल बांधायची.

"ना, ये नहीं लगता. पण दुसरे रोग होते हैं, इसलिए हाथ साबुन से धोने के." मग त्यांनी आबांकडे आणि माझ्याकडे पाहिलं. "भाई, पंदर-वीस दिवस दाणा-पाणी बंध राखो. तुम्ही पण, हम भी. एक जगह भीड़ होती है, इसलिए फैलता है. भीड़ टूटेगी तो रोग टूटेगा. बाहर मैदान में खाने का बहुत है, भूखे नहीं मरेंगे."

त्यांच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पण मला ऐकू आलं ते वेगळंच. माझ्या गच्चीवर जास्त पाखरं येतात ते ह्यांना बघवत नाही, असं मला वाटलं. माझ्या मनात जे होतं तेच मी त्यांच्या तोंडावर वाचलं.

"होला तुमच्या अंगणात सापडला," मी म्हणालो. "सुरुवात तुमच्याकडेच झाली असेल. माझ्याकडे सगळी ठणठणीत आहेत."

आबांनी मान खाली घातली. त्याच दुपारी काकांनी स्वतःच्या परळी उचलल्या आणि तिकाटणंसुद्धा घासून उलटं ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडची सगळी पाखरं माझ्याकडे आली. ट्रेवर बसायला जागा उरली नाही. मला वाटलं होतं, आता आबाही वर येतील. खाली बघायला आहे काय? पण आबा ठरल्या वेळी पलीकडे गेले. ते दोघं म्हातारे रिकाम्या अंगणात खुर्च्या टाकून चहा पीत बसले. एकही पाखरू नाही आणि तरी गप्पा चाललेल्या. कठड्यावरून मी ते बघत होतो, आणि माझ्या पाठीमागे शंभर पाखरं दाणे टिपत होती. मला त्यांच्याकडे वळूनही बघावंसं वाटलं नाही.

चौथ्या दिवशी टबाशेजारी एक होला मरून पडलेला होता. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून मैदानात टाकून आलो. पुढच्या दिवशी दोन. त्यानंतर एक पारवा, मेला नव्हता, माझ्या पायाशी बसून चोच उघडमीट करत होता. आत तेच पिवळं. दाणा बंद करायला हवा हे मला तेव्हा स्वच्छ कळत होतं. पण बंद केला तर काका बरोबर ठरणार होते, आणि आबांसमोर ते बरोबर ठरणं मला सोसवत नव्हतं. तेवढ्यासाठी मी आणखी तीन दिवस ओंजळी भरून दाणे टाकले.

तिसऱ्या सकाळी वर गेलो तर पाच होले पडलेले. मी ते गोणपाटात भरत होतो आणि मागे जिन्याच्या दारात आबा उभे.

"कसाले?" आबांनी विचारलं.

कसाले म्हणजे कशाला. एवढा एकच शब्द. पण माझ्याशी अहिराणीतला तो त्यांचा, मला आठवतं तसा, पहिलाच शब्द होता. मी गोणपाट खाली ठेवलं आणि जे कधी बोलायचं नव्हतं ते बोलून गेलो.

"तुम्ही वर यावं म्हणून. एवढं सगळं तुमच्यासाठी मांडलं. तुम्ही त्या परक्या माणसाकडे जाऊन बसता. हसता. माझ्याशी कधी असं बोललात? लहानपणी तरी?"

चाळिशीला टेकलेला माणूस मी, आणि लहान पोरासारखी तक्रार करत होतो. आबांनी वाकून गोणपाटाचं तोंड बंद केलं.

"इथं मला काही करू देत नाही तुम्ही," ते म्हणाले. "पिशवी उचलली तर काढून घेता. तो माणूस मला सांगतो, मास्तर, परळ घासा. नीट घासली नाही तर परत घासायला लावतो." मग म्हणाले, "तुझी आई गेल्यापासून मला कोणी रागावलेलं नाही. तो रागावतो."

लहानपणाबद्दल मी विचारलं होतं त्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. पुढेही कधी दिलं नाही.

"ब्रश कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मी आणून दिला. यावेळी त्यांच्या हातातून घेतला नाही.

त्या दिवशी मी रजा टाकली. उरलेला दाणा आम्ही खरवडून पिशवीत बांधला. आबा सांगत गेले तसं मी करत गेलो: आधी कोरडं खरवडायचं, मग गरम पाणी आणि साबण, मग पातळ केलेली ब्लीचिंग पावडर, थोडा वेळ तशीच ठेवायची, मग वास जाईपर्यंत धुवायचं, आणि कडक उन्हात उलटं टाकायचं. पत्र्याच्या सांध्यातली घाण काढताना त्यांनी मला दोनदा "नीट" म्हटलं. मेलेले होले मैदानाच्या टोकाला खोल खड्डा करून चुना टाकून पुरले. आधी उघड्यावर टाकलेले शोधायला गेलो, पण ते कुत्र्यांनी नेले होते.

संध्याकाळी मी काकांकडे गेलो. माफी मागायची म्हणून शब्द जुळवून नेले होते. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. हातात ड्रिल घेऊन ते माझ्याबरोबर गच्चीवर आले आणि ट्रेच्या तळाला भोकं पाडत बसले. "पाणी को जाने का रास्ता चाहिए," एवढंच म्हणाले. मला माफीही नीट मागू दिली नाही, याचासुद्धा मला थोडा राग आला.

तीन आठवडे दोन्ही घरांत दाणा नव्हता. पहिले काही दिवस पाखरं कठड्यावर ओळीनं बसून खाली बघत. बायको म्हणायची, "मूठभर टाकू का?" आबा म्हणायचे, "नको." हळूहळू ती पांगली. पुन्हा सुरू केलं तेव्हा दोन मुठी, दोन लहान ताटांत, लांब लांब ठेवून. संध्याकाळी उरलेलं काढून टाकायचं, पाणी रोज नवं. शिजवलेलं काही नाही. पाखरं निम्म्यानं कमी आली. उन्हाळा गेला, आजारी होला पुन्हा दिसला नाही.

आबांनी वेळ वाटून घेतली. सकाळी शेजारी, साडेनऊला आमची गच्ची. मी मिलला जायला निघेपर्यंत दहा मिनिटं आम्ही दोघं ताटं घासायचो. पुस्तकी मराठीतच बोलायचो. इतक्या वर्षांची सवय त्यांनाही मोडता आली नाही आणि मलाही.

तीन वर्षांनी आबा गेले, झोपेतच. दहाव्यापर्यंत काका रोज संध्याकाळी येऊन बसले. एकदा सहज म्हणाले, "मास्तर कहते थे, तुम छोटे थे तब तुम्हें बुखार में कंधे पर लेके रातभर नदी किनारे घूमे थे. तुम बोलते थे, पानी का आवाज सुनना है."

मला हे माहीत नव्हतं. आईनंही कधी सांगितलं नव्हतं.

"आणखी काय सांगायचे?" मी विचारलं.

काका सांगत गेले. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसून ऐकत होतो. माझ्या बापाबद्दल एवढं सगळं ह्या माणसाला मिळालं आणि मला त्याच्याकडून मागून घ्यावं लागतंय, म्हणून आत जळत होतो, आणि तरी तो थांबला की म्हणत होतो, "मग, काका? मग?"