सुतारकाकांचं आठवं पत्र

इस्पितळाच्या तळमजल्यावर पक्षाघात झालेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवणाऱ्या बाईंना रुग्ण हळूबाई म्हणत, कारण दिवसभर त्यांच्या तोंडी एकच शब्द असे, ‘हळू, हळू.’ सासरचं आडनाव साधं होतं. माहेरचं त्यांनी वीस वर्षांत तिथं कुणाला सांगितलं नव्हतं. ते कळलं असतं तर निम्म्या रुग्णांनी हात जोडले असते आणि उरलेल्यांनी तोंड फिरवलं असतं. वडिलांनी अकरा वर्षं देशाचा कारभार हाकला होता. लहानपणी ते तिला आठवड्यातून दोनदा दिसत आणि रेडिओवर रोज ऐकू येत.

ती नऊ वर्षांची असताना एका सकाळी शाळेसाठी बूट घालून जिन्यात बसली होती. आई आली, खाली वाकली आणि तिच्या बुटांचे बंद सोडू लागली.

“आजपासून शाळा घरी.”

“का?”

“विचारायचं नाही.”

आईने बूट उचलून कपाटात ठेवले. त्याच दुपारी माळ्याने तिच्या खिडकीचे पडदे एकमेकांना शिवून टाकले. स्वयंपाकीणबाई कुणाला तरी दबक्या आवाजात सांगत होत्या, “पत्र आलंय म्हणे, पोरीबद्दल.” पत्रात काय होतं ते तिला कुणी सांगितलं नाही, म्हणून तिने ते स्वतःच मनात लिहिलं, रोज नवं. पुढची सात वर्षं ती घराबाहेर पडली ती मोटारीच्या मागच्या सीटवर, खाली वाकून.

आता त्या पन्नाशीला आल्या होत्या. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. पावसाळ्यानंतर त्यांच्याकडे एक म्हातारे सुतार आले. डावा पाय ओढत होते, पण जीभ शाबूत होती. पहिल्याच दिवशी धरून चालायचे दांडे हलवून म्हणाले, “हे कुणी बसवलेत? त्याच्या हाताला पक्षाघात झाला होता का?”

हळूबाई हसल्या. गडी आवडला त्यांना.

तिसऱ्या आठवड्यात, दांड्यांच्या मधोमध असताना, सुतारकाका भावाबद्दल बोलू लागले. तो गिरणीत होता. संपाच्या वेळी गोळीबार झाला, त्यात गेला. हुकूम थेट वरून आला होता. काकांनी ज्यांचं नाव घेतलं, ते हळूबाईंचे वडील होते. बाईंचे हात काकांच्या कमरेला आधारासाठी बांधलेल्या पट्ट्यावर होते.

“सात पत्रं लिहिली मी. चौकशी करा, एवढंच. उत्तर नाही. मग आठवं लिहिलं. तुमची मुलगी कुठल्या रस्त्याने शाळेत जाते ते मला ठाऊक आहे, असं.”

 हळूबाईंनी पट्टा सोडला नाही.

“ती मुलगी त्यानंतर शाळेत गेलीच नाही,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला काय माहीत?”

 काकांनी कष्टाने मान वळवून हळूबाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि दांडा घट्ट धरला.

“मला रस्ता माहीतच नव्हता हो,” ते पुटपुटले. “शाळा कुठली तेही नाही. रागाच्या भरात लिहिलं.”

हळूबाईंनी त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवलं, खुर्चीचा ब्रेक लावला आणि सामानाच्या खोलीत जाऊन गाद्यांच्या ढिगाला टेकून उभ्या राहिल्या. 

पुढचे दोन दिवस काका आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सुनेने जवळजवळ ओढतच आणलं. “त्या बाईंकडे नको म्हणतात. काय झालं हो?”

“काही नाही. चला काका, उभं राहा.”

सून बाहेर गेल्यावर काकांनी विचारलं, “पाडणार तर नाही ना?”

“पाडायचं असतं तर त्याच दिवशी पाडलं असतं.”

दोन पावलं झाली. “चुकलं माझं,” काका दांड्याकडे बघत म्हणाले.

“टाच आधी टेका.”

आणखी चार पावलं. मग हळूबाईंनीच विचारलं, “भावाचं नाव काय होतं?”

काकांनी सांगितलं. वडिलांच्या तोंडून ते नाव हळूबाईंनी कधीच ऐकलं नव्हतं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि काकांनीही तसा आग्रह धरला नाही. पाच आठवड्यांनी काका काठी टेकत घरी गेले.

त्या संध्याकाळी हळूबाईंनी नवऱ्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं.

“म्हणजे धमकी खोटीच होती,” तो म्हणाला. “मग आता कसली भीती?”

 दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. हळूबाई दाराआड उभ्या राहिल्या. तीनदा ‘कोण?’ विचारलं, तीनदा ‘दूध’ ऐकलं, मग कडी काढली. दूधवाला कंटाळून पिशवी ठेवून निघून गेला होता.