वीज वाचवणारी डबी

कमरीपेठेत मिक्सर दुरुस्त करणाऱ्या अक्कांचं नाव मी कधी विचारलं नाही. बाजारात घेतलेली एक डबी मी त्यांना दाखवली. प्लगमध्ये खोचली की निम्मी वीज वाचते, असं विकणारा म्हणाला होता. अक्कांनी ती उघडली. आत नुसता लाल दिवा. त्यांनी माझा हात चालू मिक्सरवर ठेवला.

“गरम लागतंय? आवाज येतोय? पातं फिरतंय? वीज त्यातच गेली. हा दिवा ती कुठनं परत आणणार? उलट स्वतःच खातोय! तुम्ही काय करता?”

“शाळेत विज्ञान शिकवतो.”

“अय्यो!” अक्का संतापून उठल्या आणि मला घेऊन थेट त्या विकणाऱ्याकडं गेल्या. तिथं बायकांची गर्दी होती. उघडी डबी माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, “बोला मास्तर, आता ह्यांना शिकवा.”