दोन टायर तुझे, दोन माझे

आमच्या घरात वाटणी हा आवडता खेळ आहे. वडील गेल्यावर शेत निम्मं झालं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लागल्या, आणि आंब्याच्या एकाच झाडाच्या विहिरीकडच्या फांद्या माझ्या नि रस्त्याकडच्या मोठ्या भावाच्या झाल्या. भांडण मात्र कधी झालं नाही. दादा आणि मी, दोघंही मोजून घेतो, मोजून देतो आणि वर स्वतःला समजूतदार म्हणवून घेतो.

पिकअपही दोघांत एक होती. दादा पवनीजवळ गावी राहून धान पिकवतो. मी भंडाऱ्यात राहतो आणि पितळेची भांडी नागपूरच्या दुकानांत पोचवतो. सोमवार ते बुधवार गाडी माझी, बाकीचे दिवस त्याची. बरी चालली होती. मग उन्हाळा सरता सरता चारही टायर गुळगुळीत झाले.

मला हायवेचे टायर हवे होते. सरळ रेघांचे, डांबरी रस्त्यावर आवाज न करणारे, लवकर न झिजणारे. दादाला ऑल-टेरेन हवे होते, जाड गुटक्यांचे, चिखलातून गाडी बाहेर काढणारे. त्याचं शेत, म्हणजे धानाच्या बांध्या, भाताची खाचरं, तलावाच्या पलीकडे आहे. पावसाळ्यात तिथं जायचं तर तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या उंच बांधावरून, गाडी न्यावी लागते. दोघांचंही म्हणणं खरं होतं, म्हणून तर तोडगा निघेना.

भंडाऱ्यात टायरच्या दुकानासमोर गाडी लावून आम्ही तासभर घालवला.

"तुह्या टायरनं मी बांधीतच फसून राहीन ना," दादा म्हणाला.

"अन् तुह्या टायरनं नागपूर येईपर्यंत माहे कान फुटतीन," मी म्हणालो.

शेवटी दादा "तू पाहून ठेव" असं म्हणून सातबारा काढायला कचेरीत गेला. तेव्हा मी दुकानदाराला विचारलं, मागे दोन दादाच्या पसंतीचे आणि पुढे दोन माझ्या पसंतीचे टाकले तर? दुकानदार म्हातारा होता, हातातलं काम न थांबवता बोलायचा. या वेळी त्यानं पाना खाली ठेवला.

"रोडवर काही होत नाही भाऊ, ट्रकवाले टाकतेतच. पण चिखलात मागचे ढकलतेत अन् पुढचे वळत नाहीत. पाळीवरून जाणं असन त चारही गुटक्याचेच घ्या."

मी "बरं" म्हणालो.

दादा आला. मी म्हणालो, "मागचे दोन तुहे, पुढचे दोन माहे. गाडीले जोर त मागचीच चाकं देतेत."

त्याचा चेहरा खुलला. "मागचे मले? पक्कं?" धाकट्यानं मोठेपणा दाखवला, असं त्याला वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी तिघांसाठी चहा सांगितला.

मी विसरलो होतो असं म्हणायची सोय नाही. दुकानदाराचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवत होतं. ते सांगितलं असतं तर चारही टायर दादाच्या पसंतीचे घ्यावे लागले असते, इतकंच. शिवाय पाळीवरून मला जायचं नव्हतं.

रोवणीच्या दिवसांत दादा धानाच्या रोपांच्या पेंढ्या भरून शेतावर निघाला. रोवणीच्या बाया एरवी मागे पेंढ्यांवर बसायच्या. त्या दिवशी पेंढ्याच इतक्या झाल्या की बाया मागून पायी येत होत्या. पाळीवर जिथं वळण आहे तिथं दादानं स्टेअरिंग वळवलं, चाकं वळली, गाडी वळली नाही. मागचे टायर तिला सरळ ढकलत राहिले. पाळीच्या एका अंगाला तलावाचं पाणी, दुसऱ्या अंगाला खाली धानाची बांधी. गाडी बांधीच्या अंगाला उलटली. पाण्याच्या अंगाला गेली असती तर, हा विचार मी अजून शेवटपर्यंत केलेला नाही.

दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. खांद्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. वहिनी उशाशी बसली होती. मला पाहताच दादा म्हणाला, "माहीच चूक झाली रे. घाई केली. तुह्याबी गाडीचं नुकसान करून बसलो."

वहिनीनं विचारलं, "भाऊजी, टायरवाला काही बोलला नव्हता का जी?"

"नाही," मी म्हणालो.

गाडी दुरुस्त झाल्यावर मी स्वतःच चारही टायर गुटक्यांचे टाकून आणले. दादा फोनवर म्हणाला, "काहून बाप्पा? तुले नागपूरले जायले तरास होईन." मी म्हणालो, होऊ दे. आवाज होतो. चौपदरी रस्त्यावर तो सारखा कानाशी घुमत राहतो आणि रेडिओ लावून काही उपयोग नसतो. मी तक्रार करत नाही. त्यालाही दादा माझा चांगुलपणाच समजतो.

ही गोष्ट त्यानं नातेवाइकांत पसरवली आहे. गाडी पालथी केली मी, आणि भावानं एका शब्दानंही न बोलता आपला हिस्सा सोडला, अशी. मी दोनदा खरं सांगायला म्हणून गावी गेलो, आणि दोन्ही वेळा जेवून परत आलो. सांगितलं तर तो रागावणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्याचीच जास्त भीती वाटते.

मागच्या महिन्यात पुतणीचा साखरपुडा झाला. पंगतीच्या वेळी दादा मला हाताला धरून व्याह्यांसमोर घेऊन गेला. टायरांची गोष्ट त्यानं पहिल्यापासून रंगवून सांगितली. व्याही कौतुकानं माझ्याकडे पाहत होते. दादाचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही, म्हणून डाव्या हातानं त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

"भाऊ असावा त असा," तो म्हणाला.

मला लाज वाटली. आणि त्या माणसांसमोर थोडं बरंही वाटलं, हे त्याहून वाईट.

"त्यात काय एवढं," मी म्हणालो.