अतांचा उतार

बुरुलने तेवीस वर्षांत सासऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. यात कौतुक करण्यासारखं काही नाही. केन-बुलाकमधली कुठलीच सून काढत नाही. पण बाकीच्यांचे सासरे सोयीच्या नावांचे होते. बुरुलच्या सासऱ्याचं नाव बोरोनबाय, आणि बोरोन म्हणजे हिमवादळ. नावाशी जुळणारा शब्दही उच्चारायचा नाही असा नियम. त्यामुळे ज्या गावात वर्षातले पाच महिने हिमवादळाखेरीज दुसरा विषय नसतो, तिथे तो शब्द तिला वर्ज्य झाला. ती म्हणे, "आज हवा रुसलीय." फारच असेल तर, "हवेच्या अंगात आलंय." लग्नाच्या पहिल्या वर्षी चुलीपाशी तिच्या तोंडून एकदा 'बोरो' एवढंच निघून गेलं. सासू सालिपाने हातातला डाव जागच्या जागी थांबवला आणि मांस करपेपर्यंत तो हलवला नाही. करपलेलं मांस बुरुलने आठवडाभर खाल्लं.

गंमत अशी की बर्फातलं कळणारं गावात एकच माणूस होतं आणि ते म्हणजे ही बाई.

तिचा बाप असानकुल वरच्या खिंडीतल्या सरकारी चौकीवर बर्फ मोजायला होता. पुढे सरकारच मोडलं, चौकी बंद झाली. पण तसं लेखी कोणी कळवलं नाही, म्हणून त्याने आणखी सहा वर्षं मोजमाप चालू ठेवलं. चौकीमागे एक बसका, झाडीचा उतार होता. तिथे तो कमरेइतका खड्डा खणायचा, भिंत फावड्याने तासून गुळगुळीत करायचा आणि वरून खाली बोट ओढायचा. जिथे बोट आपोआप आत जाईल तो थर कच्चा, वरचं बर्फ तिथूनच सुटणार, ती त्या दिवसाची बातमी. "वर दिसतं ते पाहुण्यांसाठी," तो म्हणायचा, "खाली असतं ते आपल्यासाठी." बुरुल आणि तिचा धाकटा भाऊ दोघंही त्याच उतारावर खणायला शिकली आणि त्याच उतारावर स्की करायला. चौकीच्या दप्तरात त्या जागेला आकडा होता. दोघं भावंडं तिला अतांचा उतार म्हणत. अता म्हणजे बाप.

भावाचं नाव तुरसुन. त्याच्या आधीची दोन मुलं गेली होती म्हणून आईबापांनी हे नाव ठेवलं. त्याचा अर्थ, 'राहू दे'.

लग्न होऊन बुरुल चार किलोमीटर खाली केन-बुलाकला आली. तिथे रोज सकाळी ती राखेची बादली आणि राखेचं फावडं घेऊन घरामागे चढायची. सून राख घेऊन कुठेही जाऊ शकते, कोणी विचारत नाही. वर मेंढवाड्याच्या कुंपणापलीकडे ती खड्डा खणायची, बोट ओढायची, खड्डा बुजवायची आणि त्यावर राख पसरायची. गावाला वाटे, काय नीटनेटकी सून आहे.

बोरोनबाय कोळशाच्या खाणीत मुकादम होता. खाण बंद पडली आणि काही वर्षांनी परदेशी लोक यायला लागले. अर्धा दिवस स्कीखाली केसाळ पट्टे चिकटवून डोंगर चढायचा, चार मिनिटांत उतरायचा आणि त्यासाठी आनंदाने खर्च करायचा, असा त्यांचा धर्म होता. गावाने त्यांना सुरुवातीला वाऱ्याने खरवडलेले, दगडांचे उतार दाखवले. चांगले उतार माणूस सख्ख्या भावालाही सांगत नाही, तिथे पाहुण्याला कुठून सांगणार? बोरोनबायने सांगितले. तो स्वतः जन्मात स्कीवर उभा राहिला नव्हता, पण त्याच्याकडे घसरगाडीचे दोन घोडे होते, तीन मोकळ्या खोल्या होत्या आणि लाज नव्हती. गावाने तीन पिढ्या दडवून ठेवलेले उतार त्याने काराकोल शहरात जाऊन रंगीत नकाशावर छापून आणले.

त्यातला सगळ्यात मोठा उतार खिंडीच्या अलीकडे होता, चौकीच्या उताराच्या पाठीला पाठ लावून. त्याचं जुनं नाव गिळणी. अकरा घोडी आणि तीन खाणकामगार तिने सुटलेल्या बर्फाखाली घेतले होते, म्हणून. असल्या नावाला परदेशी घाबरतील, असं बोरोनबायला वाटलं. (घाबरले नसते. धावत आले असते. पण हे त्याला कळण्याइतके परदेशी त्याने तेव्हा पाहिले नव्हते.) मग त्याने तिथे आपलंच नाव टाकलं. नकाशावर ते ठसठशीत आलं: बोरोनबाय. गाव चार दिवस हसलं आणि मग सवयीने तेच नाव घ्यायला लागलं.

बुरुलपुढे मात्र पेच पडला. त्या उताराबद्दल काही सांगायचं तर सांगायचं कसं? त्यावर घराने आपोआप एक वाट काढली. बुरुल सकाळी खड्डा पाहून यायची आणि नवऱ्याला, मुकाशला, चहा देता देता सांगायची, "आज अतांचा नको." सासऱ्यालाही ती अताच म्हणायची, दुसरं काय म्हणणार? मुकाश वॉकीटॉकी उचलायचा आणि वाटाड्यांना सांगायचा, "बोरोनबाय बंद." म्हणजे बर्फाची बातमी बायकोकडून निघायची, नवऱ्याच्या तोंडून बाहेर पडायची आणि अक्कल बोरोनबायच्या नावावर जमा व्हायची. नऊ हिवाळे हे बिनबोभाट चाललं.

दहाव्या हिवाळ्यात तुरसुन परतला. मॉस्कोत बारा वर्षं त्याने रस्त्यावरचं बर्फ ढकललं होतं. आता चौतिशीला आला होता, बर्फाचा कंटाळा आला नव्हता आणि स्कीवर अजूनही बापासारखा हलका होता. त्याला वाटाड्या म्हणून घ्या, हे सासऱ्याला सांगायला बुरुलने दोन महिने नवऱ्याच्या मागे लकडा लावला. शेवटी बोरोनबायने होकार दिला आणि वर म्हणाला, "सुनेच्या माहेरचा माणूस म्हणजे घरातलाच कुत्रा. हाकलला तरी चावत नाही." तुरसुनने हे हसत ऐकून घेतलं. बहिणीसाठी त्याने याहून वाईट ऐकून घेतलं असतं.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तीन दिवस बर्फ पडलं, मग दक्षिणेचा वारा सुटला. मुकाश नवी मंडळी आणायला काराकोलला गेला होता. तुरसुन तीन बेल्जियन पाहुण्यांना घेऊन उजाडताच वर गेला. डोंगराच्या खांद्यावर पोचलो की विचारीन आणि मग कुठून उतरायचं ते ठरवू, असं त्याने बहिणीला सांगून ठेवलं.

बुरुलने खड्डा खणला. बोट वीतभर खाली आलं आणि पेरापर्यंत आत गेलं. आत साखरेसारखं सुटं, कोरडं बर्फ. तिने एक चौकोन कापून त्यावर फावड्याचं पातं ठेवलं आणि तळव्याने थाप मारली. दुसऱ्या थापेला वरचा अख्खा थर कपाटाचा खण सरकावा तसा तिच्या मांडीवर आला. बापाने असं तिला आयुष्यात एकदाच दाखवलं होतं, आणि त्या दिवशी तो बापसुद्धा घराबाहेर पडला नव्हता.

घरात पाच म्हातारे बसले होते. खोऱ्याच्या पर्यटन समितीचा प्रमुख कोण, हे ठरवायचं होतं, आणि बोरोनबायने त्यासाठी मेंढा कापला होता. वॉकीटॉकीला आवाज फक्त मोठ्या खोलीतल्या खिडकीतच मिळे. म्हणजे म्हाताऱ्यांच्या मधोमध.

नऊच्या सुमाराला वॉकीटॉकी खरखरला. बुरुल मान खाली घालून खिडकीशी गेली.

"एजे, खांद्यावर आहोत. काय म्हणतं बर्फ?" बहिणीला तो एजेच म्हणायचा.

"अतांच्या उताराकडे फिरकू नकोस," ती हळू आवाजात म्हणाली. "खाली साखर आहे. वरचं फळीसारखं सुटतंय."



"अतांचा? खरंच?"

"खरंच. हात लावला आणि सुटलं."

"तू म्हणतेस तर नाही. मग दुसरा धरतो. वॉकीटॉकी आता बंद करतोय, थंडीने बॅटरी मरतेय. उतरताना लावीन."

तिने वॉकीटॉकी ठेवला आणि चहा ओतायला बसली. पहिली वाटी सगळ्यात थोराला, दुसरी त्याच्या डावीकडच्याला. तिसरी भरताना तिचा हात थांबला. 'खरंच?' असं त्याने का विचारलं? आश्चर्य वाटल्यासारखं? गिळणीवर जाऊ नकोस म्हटलं तर त्यात आश्चर्य कसलं?

मग तिच्या लक्षात आलं. तुरसुनला अता एकच होते. तो या घरची सून नव्हता.

चौकीमागच्या त्या निरुपद्रवी झाडीत जाऊ नको असं बहीण सांगते, म्हणजे तिने खड्ड्यात काहीतरी भलतंच पाहिलं असणार, असं समजून त्याने मान डोलावली होती. बहिणीच्या बोटावर त्याचा बापाइतकाच विश्वास. आणि दुसरा म्हणजे कुठला, हे सांगायची गरज नव्हती. खांद्यावरून उतरायला दोनच होते.

ती उठून खिडकीशी गेली, बटण दाबलं. "तुरसुन, आपले अता नाही. इथले अता. ऐकतोयस?" काही नाही. पुन्हा म्हणाली. म्हातारे बोलायचे थांबले.

"सूनबाई, चहा गार होतोय," सालिपा म्हणाली.

बुरुल सासऱ्याकडे वळली. पुरुषमाणसं बसलेली असताना सुनेने सासऱ्याशी आपण होऊन बोलणं, हेच मुळात त्या खोलीत पहिल्यांदा होत होतं. "अता, त्याला कळलं नाहीये. तुमचा उतार बंद आहे म्हणून तुम्हीच तेवढं सांगा. तुमच्या तोंडून जाऊ दे."

बोरोनबाय उठायला लागला होता, हे बुरुलला पुढे कायम आठवत राहिलं. त्याने एक हात जमिनीवर टेकला होता. तेवढ्यात सगळ्यात थोर म्हातारा, मेंढ्याचा कान चघळत, म्हणाला, "घ्या. बोरोनबायवर बंदी घालायला सून बोरोनबायचंच तोंड मागतेय. अशाला समितीवर बसवायचं, म्हणजे पाहुण्यांना दाखवायचं काय?"

सगळे हसले. बोरोनबायने टेकलेला हात उचलला आणि मिशीवरून फिरवला.

"माझ्या उताराला नऊ वर्षांत ओरखडा गेला नाही," तो म्हणाला. "चहा दे."

नऊ वर्षांत ओरखडा का गेला नाही, हे त्या खोलीत तिला एकटीला माहीत होतं, आणि तिच्या हातात किटली होती. तिने ती खाली ठेवली.

"बोरोनबाय," ती वॉकीटॉकीत म्हणाली. "तुरसुन, बोरोनबायवर जाऊ नकोस. आपल्या अतांच्या उतारावरून ये. बोरोनबायवर साखर आहे. बोरोनबाय."

 एका म्हाताऱ्याने, बाई उघडी दिसावी तशी, मान वळवली. आणि वॉकीटॉकी खरखरला. तुरसुन हसत होता.

"एजे? काय ऐकलं मी? सासऱ्याचं नाव घेतलंस? आता तुझी काही धडगत नाही."

"कुठे आहेस?"

"त्याच्यावरच. तिघं खाली गेलेसुद्धा. मी शेवटचा, मधल्या खडकापाशी. जरा थांब, मी..."

मग नुसतीच खरखर. थोड्या वेळाने मोठ्या वाड्याचा दरवाजा लोटावा तसा आवाज आला, वॉकीटॉकीतून नव्हे, खिडकीबाहेरून. तबेल्यात घोड्यांनी खूर आपटले.

त्याला बाहेर काढायला एक तास चाळीस मिनिटं लागली. छातीवरचं यंत्र व्यवस्थित चालू होतं आणि तो कुठे आहे हे बिनचूक सांगत होतं. फक्त अडीच मीटर खाली. बुरुल राखेच्या फावड्याने खणत होती. चेहरा तिलाच सापडला. तोंडात बर्फ गच्च बसलं होतं, ते तिने बोटाने काढलं. एका पाहुण्याचा पाय मोडला. दुसऱ्याने घरी जाऊन इंटरनेटवर अभिप्राय लिहिला, की जेवण साधं, बर्फ उत्कृष्ट, आणि वाटाड्या शेवटपर्यंत आनंदी होता.

मयताला अख्खं खोरं आलं. बायका रीतसर रडल्या. मग चहाला बसल्यावर बोलणं सुरू झालं आणि ते तुरसुनबद्दल नव्हतं. भावासाठी निघालं तोंडातून, समजू शकतं, असं एकीचं म्हणणं पडलं. सालिपाची जाऊ जास्त न्यायी होती. ती म्हणाली, "एकदा निघालं असतं तर मीही काही बोलले नसते. पण चारदा?"

 चाळिसाव्या दिवशी सगळ्यांसमक्ष बोरोनबायने सुनेला माफ केलं. त्याच्या मोठ्या मनाची चर्चा पार काराकोलपर्यंत गेली आणि समितीचा प्रमुख तोच झाला. प्रमुख म्हणून पहिलं काम त्याने नकाशाचं केलं. माणूस मेलेल्या उतारावर जित्या माणसाचं नाव बरं दिसत नव्हतं. पाहुणे विचारायचे आणि मग त्याच्याकडे बघायचे. त्याने आपलं नाव काढलं आणि मेलेल्याचा मान राखायचा म्हणून तिथे तुरसुनचं घातलं. नवा नकाशा त्याने स्वतः आणून बुरुलच्या हातात दिला. "तुझ्या भावाचं नाव खोऱ्यात राहील," तो म्हणाला. त्याने डोळे पुसले. तो खोटं रडणाऱ्यांतला नव्हता.

पुढच्या हिवाळ्यापासून वॉकीटॉकी बुरुलकडेच आला. बर्फातलं तिला कळतं, हे आता समितीच्या ठरावात होतं.

डिसेंबरात वाटाडे पहिल्यांदा वर गेले. ती खड्डा पाहून आली होती. खिडकीशी उभी राहिली आणि म्हणाली, "तो मोठा उतार आज नको."

"कुठला मोठा?" वरून आवाज आला. "नाव सांगा की, वहिनी."

"तो. खिंडीअलीकडचा."

"दोन आहेत ना तिथे."

बोरोनबाय चहा पीत बसला होता. त्याने वाटी खाली ठेवली आणि लहान मुलाला समजवावं तशा सुरात म्हणाला, "सूनबाई, हे नाव घ्यायला तुला कसली आडकाठी आहे? स्पष्ट घे. अशाने माणसं जातात."

बुरुलने बटण दाबलं.

"तुरसुन बंद आहे," ती म्हणाली. "तुरसुनवर कोणी जाऊ नका."

नव्या नियमाप्रमाणे वरच्या वाटाड्याने ते पुन्हा म्हणून दाखवलं, आणि बरोबर आहे ना, असं विचारलं. बरोबर आहे, असं तिने सांगितलं.