बहिणीचा हिस्सा

उबेद वेल्डरच्या वाटेला आखातातल्या सित्रात कोणी जात नसे. तेलाच्या टाक्यांच्या पोटात शिरून वेल्डिंग करण्यात त्याची जवानी गेली, हातभर भाजल्याचे डाग पडले आणि डोकं कायम तापलेलं. कंपनीच्या बसमध्ये खिडकीच्या जागेवरून त्याने एका फिटरचा दात पाडला होता. माझ्यावर मात्र त्याचा जीव. आम्ही दोघेही हर्णैचे.

त्र्याण्णव साली त्याने गावात घर घेतलं. विकणारा बासितही आमच्याच गावचा, मुहर्रकला त्याचं विजेच्या सामानाचं छोटं दुकान. घर बासितच्या वारलेल्या बापाचं. बासितने आणि त्याच्या भावाने सह्या केल्या, पेढे वाटले, खलास. उबेदची बायको आतिका पोरांना घेऊन राहायलाही गेली.

मी मनामात विम्याच्या ऑफिसात कारकून. उबेद घराचा फोटो घेऊन मिरवत आला, तेव्हा आमच्या अमेरिकन साहेबाने विचारलं, "मालकीचा विमा काढलास का?" त्याच्या देशात म्हणे घर घेण्याआधी कंपनी जुने मालक, वारस सगळे खणून काढते. पुढे कोणी हक्क सांगत आलाच तर कंपनी कोर्टात लढते, हरली तर नुकसान भरून देते. उबेद ठसका लागेपर्यंत हसला.

"साहेबाला सांग भाई, आमच्यात मालक कोन ता अख्ख्या गावाला ठावं असतं."

पंचाण्णवच्या एका शुक्रवारी आतिकाचा माझ्या घरी फोन आला. उबेद समोरच जेवत होता. त्याने रिसीव्हर कानाला लावला आणि ताट बाजूला सारलं.

"दरवाजा तोडल्यानी. कुऱ्हाडी घेवन आले. माजा हात मोडल्यानी," आतिका एवढ्या मोठ्याने रडत होती की मलाही ऐकू येत होतं. आलेले लोक म्हणजे हलिमाचे मुलगे. हलिमा बासितची बहीण, नुकतीच वारलेली. बापाच्या घरात तिचाही हिस्सा होता आणि विकताना तिला कोणी विचारलंच नव्हतं. मुलांनी भांडी, गाद्या अंगणात फेकल्या, आतिकाला केसांना धरून बाहेर ओढलं. पोलीस म्हणाले, मारहाणीची तक्रार लिहून घेतो, पण घराचा मामला दिवाणी, कोर्टात जा.

उबेद हात न धुताच उठला. मी त्याला गाडीने मुहर्रकला नेलं. माझंही रक्त तापलं होतं, खोटं कशाला बोलू?

बासित दुकानात बल्ब तपासत होता. उबेदने त्याला गळपट्टी धरून काउंटरवरून ओढला. ट्यूबलाइटींचं खोकं फुटलं, काचा पसरल्या. उबेदने त्याला त्याच काचांवर आडवा केला आणि छातीवर बसून हाणत सुटला. बासितचं नाक फुटलं, ओठ फाटला.

"बहिनीचा हिस्सा का नाय सांगितलास?"

"तिनं कदी मागितलाच नाय!" बासित रक्त थुंकत ओरडला. "आनि तू? बापाची कलमां विकलीस तवा नूरबानोला इचारलंस काय रे?"

नूरबानो उबेदची थोरली बहीण. घराला पैसे कमी पडले तेव्हा त्याने बापाची आंब्याची बाग विकली होती, हे मला माहीत होतं. बहिणीचा विषय तेव्हा त्याच्याही मनात आला नसावा, आणि माझ्याही नाही.

उबेदचा हात वरच थांबला. मला वाटलं, संपलं. मग त्याने असा ठोसा हाणला की बासितचा जबडा मोडल्याचा आवाज मी दारातून ऐकला. चौघांनी ओढला तरी तो सुटेना.

तुरुंग झाला, व्हिसा गेला, त्याला विमानात बसवून दिलं. मला अजून संताप येतो. रंगाचा डबा घेताना आम्ही झाकण उघडून बघतो आणि घर घेताना विकणाऱ्याला बहिणी किती, एवढंही विचारत नाही. साहेबाच्या देशातले लोक मूर्ख नाहीत. घर पक्कं दिसलं म्हणून मालकी पक्की होत नाही, हे त्यांना कळतं.

पुढचं आतिकाने सांगितलं. घरातून हाकलल्यावर तिला आणि पोरांना नूरबानोनेच आसरा दिला होता. उबेद थेट तिच्या दारात गेला. तिने दार उघडलं आणि पोरांदेखत त्याच्या मुस्काटात दिली.

"ही माज्या बागेची," ती म्हणाली. मग दुसरी दिली. "ही हलिमाची. बिचारी न मागता मेली."

उबेदने हात खालीच ठेवले.